ओहायोचं घर, न्यूजर्सीची मी आणि पन्नास राज्यांत चालणारा करार

घर विकत न घेता घराचा करार विकायचा, याला अमेरिकेत होलसेलिंग म्हणतात. मालकाशी खरेदीचा करार करायचा, थोडा विसार भरायचा आणि क्लोजिंगच्या, म्हणजे पैसे देऊन घर नावावर होण्याच्या दिवसाच्या, आत तोच करार जास्त पैशाला दुसऱ्या खरेदीदाराच्या नावे करून द्यायचा. मधला फरक म्हणजे आपली असाइनमेंट फी. सांगलीकडच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. विसार पावती करून मुदतीच्या आत जमीन तिसऱ्यालाच फिरवणारी मंडळी आमच्या गावात चहाच्या टपरीवर बसलेली असत, आणि त्यांच्या पाठीमागे लोक काय बोलत ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यामुळे नवऱ्याने ‘म्हणजे तू आता एजंटगिरी करणार का?’ असं विचारलं तेव्हा मला राग आला नाही. प्रश्न रास्त होता.

मी राहते एडिसनला. न्यूजर्सीत हा उद्योग करावा असं कधी वाटलं नाही, इथल्या किमतींना हात लावायचीच भीती. पण ओहायोतल्या क्लीव्हलँडमध्ये आमचं एक जुनं घर भाड्याने दिलेलं होतं. वर एक कुटुंब, खाली एक. तिकडे अशी घरं गल्लोगल्ली आहेत. त्यामुळे तिथला एक प्रॉपर्टी मॅनेजर ओळखीचा होता, एक प्लंबर होता, आणि कुयाहोगा काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, ‘मायप्लेस’ नावाच्या संकेतस्थळावर कुठल्याही घराचा मालक, कर, जुनी विक्री बघायची सवय झाली होती. सातबारा ऑनलाइन बघणाऱ्याला ती सवय लगेच लागते. २०२२ च्या वसंतात मी त्या भागातल्या काही घरमालकांना पत्रं पाठवायला सुरुवात केली. फोन करण्यापेक्षा पत्र बरं, कारण फोनच्या बाबतीत केंद्राचा १९९१ चा कायदा कडक आहे; नको असलेल्या एकेका कॉलला ५०० ते १,५०० डॉलरपर्यंत भरपाई मागता येते. होलसेलिंग शिकवणारे फिलिपिन्समधून माणसं लावून दिवसभर फोन करायला सांगतात, पण या भरपाईबद्दल गप्प असतात.

करार मला आयताच मिळाला होता. ओळखीतल्या एकाने कसलासा कोर्स केला होता आणि त्याबरोबर आलेली वर्डची फाइल पुढे ढकलली. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं की हा करार पन्नासही राज्यांत चालतो. खरेदीदाराच्या नावापुढे ‘आणि/किंवा असाइन्स’, म्हणजे मी किंवा मी ज्याच्या नावे करून देईन तो. पुढे चार पानं. राज्याच्या नावासाठी एक रिकामी जागा, तिथे ‘ओहायो’ भरलं की झालं.

न्यूजर्सीत घर घेतलेल्या प्रत्येकाला ॲटर्नी रिव्ह्यू माहीत असतो. एजंटने केलेल्या करारावर सह्या झाल्यानंतरसुद्धा वकिलाला तीन कामाचे दिवस मिळतात, त्यात तो करार मोडता किंवा बदलता येतो. त्या सवयीमुळे वकिलाला न दाखवता कशावर सही करायची म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून तो फॉर्म मी आधी क्लीव्हलँडच्या एका वकीलबाईंना पाठवला. पाचसहाशे डॉलर जातील, गेले तर गेले.

त्यांनी तो परत पाठवला तेव्हा समासात इतक्या टिपा होत्या की मूळ मजकूर शोधावा लागत होता. मग व्हिडिओ कॉलवर आम्ही एकेक कलम घेत गेलो. गंमत म्हणजे ‘आणि/किंवा असाइन्स’ला त्यांनी जवळजवळ हातच लावला नाही. करारात मनाई नसेल तर असा करार सहसा दुसऱ्याच्या नावे करता येतोच, म्हणाल्या, शब्द लिहिलेले असले की टायटल कंपनी, म्हणजे मालकी तपासून तिचा विमा देणारी आणि व्यवहार पुरा करून देणारी कंपनी, खूश असते इतकंच. त्यांनी एकच वाक्य वाढवलं: करार दुसऱ्याला दिल्यावर विक्रेता मला जबाबदारीतून मोकळं करतो. ते फॉर्ममध्ये नव्हतं. म्हणजे मी करार विकला आणि पुढच्याने पैसे भरलेच नाहीत, तर विक्रेता माझ्याच दारात येऊ शकला असता. असाइनमेंट म्हणजे हक्क गेला; जबाबदारी आपोआप जात नाही, ती समोरच्याने सोडावी लागते.

दुसरं कलम त्यांनी सरळ खोडलं. ‘खरेदीदाराच्या भागीदाराच्या मंजुरीच्या अधीन.’ माझा भागीदार कोण, तर कोणी नाही. गिऱ्हाईक मिळालं नाही तर अंग काढून घ्यायची ती पळवाट. कोर्सवाले याला हुशारी म्हणतात. बाई म्हणाल्या, एका बाजूला मन मानेल तेव्हा सुटता येत असेल तर कोर्ट विचारेल की मग इथे करार झालाच कुठे? त्याऐवजी ठरावीक दिवसांचा तपासणीचा काळ लिहा, त्यात घर बघा, माणसं आणा, नको असेल तर लेखी कळवून मोकळे व्हा. विक्रेत्यालाही वाचून कळेल असं.

तिसरं, फॉर्ममध्ये क्लोजिंग ‘खरेदीदाराच्या वकिलाच्या कार्यालयात सर्वांच्या उपस्थितीत’ व्हायचं होतं. फॉर्म बहुधा जॉर्जियाकडच्या कोणी लिहिलेला असावा, तिकडे क्लोजिंग वकिलानेच करावं लागतं. उत्तर ओहायोत कोणी कोणासमोर बसत नाही. टायटल कंपनी एस्क्रो, म्हणजे दोघांचे पैसे आणि कागद सांभाळणारं खातं, उघडते, विक्रेता आपल्या सवडीने सही करतो, खरेदीदार पैसे वायर करतो, सगळं जमलं की कंपनी डीड, म्हणजे खरेदीखत, काउंटीत नोंदवते आणि पैसे वाटते. मला एडिसनमधून हलायचं नव्हतं, त्यामुळे ही पद्धत सोयीचीच.

चौथं कराचं. ओहायोत मालमत्ता कर मागाहून भरतात. २०२२ च्या जानेवारी आणि जुलैत जी बिलं भरायची ती २०२१ सालची. म्हणजे ऑगस्ट २०२२ मध्ये घर विकणाऱ्याच्या डोक्यावर जानेवारीपासूनचा न भरलेला कर असतो आणि क्लोजिंगला तेवढी रक्कम त्याच्या पैशांतून कापून खरेदीदाराला दिली जाते. फॉर्ममध्ये ‘कर नेहमीप्रमाणे विभागला जाईल’ इतकंच होतं. क्लीव्हलँड हाइट्ससारख्या गावात, जिथे कर काउंटीत वरच्या रांगेत आहेत, या कपातीने विक्रेत्याच्या हातातली रक्कम हजारांनी कमी होते. विक्रेत्याला ‘तुम्हाला इतके मिळतील’ असं तोंडी सांगून हे न सांगणं, याला माझ्या भाषेत फसवणूक म्हणतात. आम्ही करारालाच एक पान जोडलं: किंमत इतकी, काउंटीची कन्व्हेयन्स फी, म्हणजे मालकी बदलण्याचं शुल्क, दर हजाराला चार डॉलर, कराची अंदाजे कपात इतकी, हातात अंदाजे इतके.

शिवाय दोन कागद जे फॉर्ममध्ये कुठेच नव्हते. १९७८ पूर्वीच्या घराला शिशाच्या रंगाचं निवेदन आणि सरकारी पुस्तिका द्यावी लागते, हा १९९२ चा केंद्राचा कायदा, सगळ्या राज्यांना लागू; पन्नास राज्यांच्या फॉर्मात निदान हे तरी असायला हवं होतं. दुसरं ओहायोचं घराच्या स्थितीचं निवेदन, छप्पर, तळघरातलं पाणी, वायरिंग वगैरे. ते वेळेत मिळालं नाही तर खरेदीदाराला ठरावीक मुदतीत करार रद्द करता येतो. म्हणजे मी ज्याला करार विकणार त्याच्या हातात आपणच कात्री देऊन ठेवायची.

आणि शेवटी सहीच्या पानावर त्यांनी विक्रेत्याच्या नावाखाली एक ओळ वाढवली: वैवाहिक स्थिती. त्याखाली जोडीदाराची सही. ‘घर एकट्याच्या नावावर असलं तरी?’ मी विचारलं. ‘तेव्हाच तर,’ त्या म्हणाल्या. त्याबद्दल पुढे.

पत्राला उत्तर म्हणून क्लीव्हलँड हाइट्सहून एका बाईंचा फोन आला. साठीच्या पुढच्या. घर १९२० च्या दशकातलं, खाली विटा, वर लाकडी पाट्या, मागे वेगळं गॅरेज. त्यांना मुलीकडे नॉर्थ कॅरोलायनाला जायचं होतं आणि एजंटने घर बाजारात लावायचं तर आधी छप्पर करा म्हणून सांगितलं होतं. मॅनेजरने जाऊन व्हिडिओ काढला. स्वयंपाकघरात छताचा एक चौकोन सुटून खाली लोंबत होता आणि बाईंनी तो निळ्या चिकटपट्टीने चारी बाजूंनी नीट चिकटवला होता, कोपऱ्यांत पट्टी कात्रीने तिरकी कापून. तळघरात जुन्या पद्धतीची, चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेलेली वायरिंग. विमा कंपन्या तिला बघून नाक मुरडतात.

हिशेब तसा साचेबंद आहे. दुरुस्तीनंतर घर कितीला जाईल ते आजूबाजूच्या विक्रीवरून काढायचं. मी १,५०,००० धरले. त्याचे सत्तर टक्के १,०५,०००. दुरुस्ती ३८,०००. उरले ६७,०००, एवढे रिहॅबर, म्हणजे जुनं घर घेऊन दुरुस्त करणारा, देईल. त्यातून माझी फी वजा करून मालकाला किंमत सांगायची. बाईंशी ठरले ५८,०००. विसार ५०० डॉलर, तोही टायटल कंपनीकडे, माझ्याकडून त्यांच्या हातात नाही.

सही करण्यापूर्वी मी त्यांना फोनवर सरळ सांगितलं: हे घर मी स्वतः घेण्याची शक्यता कमी आहे, करार मी दुसऱ्या गुंतवणूकदाराला विकणार आहे आणि त्यात मला पैसे मिळणार आहेत, मी तुमची एजंट नाही, घर एजंटमार्फत विकलंत तर कदाचित जास्त येतील, पण वेळ लागेल. हेच करारातही लिहिलेलं होतं. त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘छप्पर मला करायला लावणार नाही ना?’ नाही म्हटलं. ‘मग पाठवा कागद.’ ओळखीतला तो कोर्सवाला मला नंतर म्हणाला, ताई, हे सांगायची काय गरज होती, लोक बिथरतात. बिथरणारे आधी बिथरलेले बरे.

आता करार विकायचा. इथे एक बारीक पण महत्त्वाची रेघ आहे. ओहायोत ब्रोकरचा परवाना नसताना दुसऱ्याचं घर विकायला काढता येत नाही. माझ्याकडे विकण्यासारखं होतं ते करारातून आलेला माझा हक्क, ज्याला इक्विटेबल इंटरेस्ट म्हणतात. म्हणून गुंतवणूकदारांना पाठवलेल्या मजकुरात पहिलीच ओळ ‘मालमत्तेवर माझी मालकी नाही, खरेदी कराराचा हक्क विकत आहे’ अशी होती. वकीलबाईंनी घराचे फोटो सरसकट कुठेही टाकू नका, विचारणाऱ्याला द्या, असंही सांगितलं होतं. बाकीचे होलसेलर ‘तीन बेडरूम, त्वरा करा’ म्हणून बिनधास्त जाहिरात करतात ते मीही रोज बघते.

पहिला खरेदीदार कॅलिफोर्नियाचा निघाला. तो ६७,००० ला तयार झाला, असाइनमेंटच्या कागदावर सही केली, परत न मिळणारी अनामत भरली. जूनच्या मध्यावर फेडरल रिझर्व्हने व्याजदर पाऊण टक्क्याने वाढवला. एवढी वाढ १९९४ नंतर पहिल्यांदाच. तो घर दुरुस्त करून कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला विकणार होता, आणि त्या कुटुंबाचा हप्ता आता त्याच्या गणितात बसेना. अनामत सोडून तो गेला. ती रक्कम आमच्या विसारापेक्षा जास्त होती म्हणून मला धाप लागली नाही, पण घड्याळ चालू होतं.

त्याच सुमारास गावाचा तपासणी अहवाल आला. क्लीव्हलँड हाइट्स, शेकर हाइट्स वगैरे उपनगरांत घर विकण्याआधी नगरपालिकेची तपासणी करून घ्यावी लागते, तिला पॉइंट ऑफ सेल म्हणतात. गॅरेजचा रंग, पायऱ्यांचा कठडा, ड्राइव्हवेच्या भेगा, छपराचे पन्हळ, सगळं लिहून येतं. करारात ‘आहे त्या स्थितीत’ असं किती का लिहा, ते विक्रेता आणि खरेदीदार यांच्यात. नगरपालिकेने त्यावर सही केलेली नसते. दुरुस्ती विक्रेत्याने तरी करायची किंवा खरेदीदाराने जबाबदारी घेऊन ठरावीक रक्कम एस्क्रोमध्ये अडकवून ठेवायची. काम पूर्ण झाल्याचा दाखला आला की पैसे सुटतात. बाहेरच्या राज्यातून घर घेणाऱ्याला हे माहीत नसतं. तो ‘आहे त्या स्थितीत’ वाचून सुखात असतो. आमच्या करारात ही जबाबदारी खरेदीदाराची असं वकीलबाईंनी लिहून ठेवलं होतं, म्हणून वाद नाही झाला. पण अडकणारी रक्कम पाहून दोन चौकशीवाले गळाले.

आणि मग टायटल कमिटमेंट आलं. आपल्याकडच्या सर्च रिपोर्टचा हा सख्खा भाऊ. त्यात क्लोजिंगपूर्वी काय काय पुरं करायचं त्याची यादी असते. पहिली बाब सोपी निघाली: २००४ साली घरावर काढलेलं एक कर्ज, फेडून झालेलं, पण फेडल्याची नोंद काउंटीत कधी झालीच नव्हती. बँक दरम्यान दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. टायटल कंपनीतल्या बाईंनी कुठून कुठून फोन करून तो दाखला आणला. त्या कामाचे आभार मानावे तेवढे थोडे.

दुसरी बाब म्हणजे नवरा.

विक्रेत्या बाईंनी वैवाहिक स्थितीच्या ओळीवर ‘विभक्त’ लिहिलं होतं. जोडीदाराची सही कोरी. फोनवर विचारलं तेव्हा ‘तो कधीच गेला, घर माझं आहे, माझ्या आईकडून आलेलं’ असं म्हणाल्या. सगळं खरं होतं. पण घटस्फोट झालेला नव्हता, आणि ओहायोत डाउअर आहे. लग्नात असताना जोडीदाराच्या नावावर जी स्थावर मालमत्ता असते तिच्या एक तृतीयांशावर दुसऱ्याचा हयातीपुरता हक्क. नाव कागदावर असो नसो, पैसे कोणी घातले असोत. इंग्लंडच्या जुन्या कायद्यातून आलेली ही विधवांची तरतूद अमेरिकेत जवळजवळ सगळीकडून गेली. शेजारच्या मिशिगनने २०१७ मध्ये काढून टाकली. ओहायो, केंटकी आणि आर्कान्सा यांनी ठेवली. नवऱ्यालाही तो हक्क तसाच आहे. त्याने डीडवर डाउअर सोडल्याची सही केली नाही तर कुठलीही टायटल कंपनी विमा देणार नाही, आणि विमा नाही तर खरेदीदार नाही.

पन्नास राज्यांच्या फॉर्मात यातलं काही असणं शक्यच नव्हतं. मला तिथे बसून एवढंच समाधान की ती कोरी ओळ पहिल्या दिवसापासून आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

नवरा ट्रक चालवायचा. पत्ता इंडियानातला, माणूस रस्त्यावर. बाई त्याच्याशी बोलायला तयार नव्हत्या, टायटल कंपनी पत्र पाठवून थांबली होती. मी बाईंना विचारून त्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘मी का सही करू?’ मी त्याची वकील नव्हते, त्यांचीही नव्हते. तसंच सांगितलं, हवं तर वकिलाला विचारा म्हटलं. पैसे मागेल अशी माझी खात्री होती. एक तृतीयांशाचा हिशेबही मनात सुरू झाला. तो म्हणाला, ‘गॅरेजमध्ये माझी टेबल सॉ आहे.’

टेबल सॉ (लाकूड कापायची, टेबलाला बसवलेली करवत), एक उभं ड्रिल मशीन आणि लाल रंगाची हत्यारांची पेटी, खणांची. ती बाईंनी कुलूप लावून ठेवली होती. देणार नाही म्हणून नव्हे, कोणी मागितलीच नाहीत म्हणून. खरेदीदाराला गॅरेज रिकामंच हवं होतं, त्यामुळे ती हत्यारं नाही तरी कचऱ्यात जाणार होती. बाईंना सांगितल्यावर त्या हसल्या, पहिल्यांदाच. मॅनेजरने कुलूप उघडलं, पेटीचा फोटो त्याला पाठवला. त्याने परत विचारलं, खालच्या खणात पितळेची फूटपट्टी आहे का बघा. होती. पुढच्या फेरीला तो ट्रक कुठल्याशा मैदानात लावून, कोणाची तरी पिकअप घेऊन आला, फिरती नोटरी तिथेच बोलावली होती, आणि गॅरेजच्या दारात टेबल सॉवरच कागद ठेवून त्याने सही केली. बाई घरातून बाहेर आल्या नाहीत, असं मॅनेजर म्हणाला.

दरम्यान मुदत उलटत होती. वाढीव मुदतीच्या कागदावर बाईंची सही लागली. त्याबद्दल मी विसाराची रक्कम वाढवली. त्यांना आणखी थांबवायचं तर फुकट कसं थांबवायचं? याच टप्प्यावर होलसेलर लोक विक्रेत्याकडे जाऊन ‘बाजार पडलाय, किंमत कमी करा’ म्हणतात, कारण विक्रेता सामान बांधून बसलेला असतो. मला दोघांनी तसं सुचवलंही. पडला होता तो माझा भाव, त्यांचा नव्हे.

दुसरा खरेदीदार क्लीव्हलँडचाच, तीसेक वर्षं हीच घरं दुरुस्त करणारा. त्याला तपासणीचा अहवाल दाखवला तर वाचलासुद्धा नाही, गॅरेजकडे बघूनच रक्कम सांगितली. ६३,५०० वर अडून बसला. माझी फी ९,००० ची ५,५०० झाली. त्याचा पैसा एका खाजगी सावकार कंपनीचा होता आणि तिने मूळ करार, असाइनमेंट, मुदतवाढ, सगळं मागवलं. असे सावकार असाइनमेंट फी किती असावी यावरही मर्यादा घालतात. फी फार मोठी असेल तर वरची रक्कम खरेदीदाराने खिशातून भरायची. कागदांत तारखा एकमेकींशी जुळत होत्या म्हणून तिथे अडलं नाही.

फी लपवायची असेल तर डबल क्लोजिंग करतात. आधी स्वतः घर घ्यायचं, त्याच दिवशी पुढे विकायचं. खर्च दोनदा, एका दिवसासाठी पैसा उभा करायचा, पण विक्रेत्याला आपला नफा दिसत नाही. बँकेच्या ताब्यातली घरं घेताना तेच करावं लागतं, कारण त्यांचे करार सहसा दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत. आमच्या व्यवहारात त्याची गरज नव्हती. सेटलमेंट स्टेटमेंटवर, म्हणजे व्यवहाराच्या शेवटच्या हिशेबावर, ‘असाइनमेंट फी ५,५००’ अशी स्वतंत्र ओळ होती, बाईंनी ती वाचली. टायटल कंपनीत सही करताना मला फोन लावून म्हणाल्या, ‘एवढ्या उठाठेवीचे एवढेच?’ त्यांच्या हातातली रक्कम त्या पहिल्या पानावरच्या अंदाजापेक्षा थोडी वेगळी आली, कारण क्लोजिंग लांबल्याने करही थोडा जास्त कापला गेला. तेही त्यांना आधी कळवलं होतं.

५,५०० तले वकील, पत्रं, टपाल, मॅनेजरच्या फेऱ्या गेल्या. उरलेल्यावर कर. ही फी घर विकून झालेला भांडवली नफा धरत नाहीत. ते साधं धंद्याचं उत्पन्न, वर १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स. उत्पन्न ओहायोत मिळालेलं म्हणून सीएने तिथल्या परराज्यातल्या रहिवाशाच्या विवरणपत्राचाही विचार केला आणि त्याची फी वेगळी लावली.

गणपतीत मंडळात कोणी तरी हमखास विचारतं, मलाही शिकव. पहिला प्रश्न मी व्हिसाचा विचारते. एच-वन-बीवर असताना घर घेऊन भाड्याने देणं ही गुंतवणूक मानली जाते, पण करार मिळवणं, गिऱ्हाईक शोधणं, फी घेणं हे सरळ काम आहे, आणि ते आपल्या कंपनीसाठी नाही. ज्याचं ग्रीन कार्ड रांगेत आहे त्याने पाच हजार डॉलरसाठी यात पडू नये. तिथे निम्मे लोक गळतात. उरलेल्यांना तो फॉर्म हवा असतो.

फॉर्म मी देत नाही, कारण माझ्याकडे आता एक फॉर्म नाहीच. ओहायोचा एक आहे, त्यात वैवाहिक स्थितीची ओळ आता सगळ्यात वर आहे. इंडियानाचा वेगळा, तिथल्या वकिलाचा. इलिनॉयने २०१९ पासून वर्षात एकापेक्षा जास्त असे व्यवहार करायला ब्रोकरचा परवाना लागतो असं केलं. ओक्लाहोमाने २०२१ मध्ये कायदा केला, साउथ कॅरोलायनाने २०२४ मध्ये, आणि पेनसिल्व्हेनियातही २०२५ पासून परवाना लागतो. पेनसिल्व्हेनिया तर आमच्या शेजारी, पुलापलीकडे. तिथलं एक घर हाताशी आलं होतं, ते मी परवाना असलेल्या एका एजंटबाईंकडे पाठवून दिलं. नवीन काउंटीत पत्रं टाकण्याआधी मी तिथल्या टायटल कंपनीला फोन करते आणि तीन गोष्टी विचारते: असाइनमेंट तुम्ही करता का, फी स्टेटमेंटवर कशी दाखवता, आणि तुमच्याकडे शेवटचा असा व्यवहार कशावरून अडला होता. तिसऱ्याचं उत्तर ऐकायला वही घेऊन बसते.